दादांनी बस कडेला लावली ती संध्याकाळ

दादा, गेल्या आठवड्यात माझ्या डोळ्याला जे झालं, तेच तुम्हालाही झालं होतं का, एवढंच विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुमच्या या लेकीनंही आता साठी ओलांडली. आई माझ्याकडेच असते, गारखेड्याला.

नातीच्या शाळेत गॅदरिंग होतं. हॉलमधले दिवे घालवलेले, उजेड फक्त रंगमंचावर. बराच वेळ त्या अंधारात बसले होते, आणि समोरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. मग उजवा डोळा असा ठणकायला लागला, की अर्धं डोकं फुटतंय असं वाटलं. भिंत धरत बाहेर आले आणि पायऱ्यांवरच भडाभडा ओकले. तोंड धुताना आरशात बघितलं. डोळा लालभडक, पदरावर ओकारी, पाय ठरत नाहीत. आरशात मी नव्हते दादा, तुम्ही होता.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी माहेरी, करमाडला आले आहे. तुम्ही चिकलठाण्याच्या कारखान्याची बस चालवता, संध्याकाळी जालना रोडवरच्या गावांत कामगार सोडता. अंधार पडता पडता दोघं जण तुम्हाला दंडाला धरून अंगणात आणतात. तुम्हाला पायरी सापडत नाही. "बस कडेला लावली अन् स्टेअरिंगवरच डोकं टेकलं," त्यातला एक म्हणतो. "लई चढलीय दादांना." तुम्ही म्हणता, "दिव्याभवती गोल दिसायलंय रे." तो हसतो. भरलेली बस होती, एकालाही खरचटलं नव्हतं, हे कुणाच्या तोंडून आलं नाही.

आईनं तुमच्या डोक्यावर घागरभर पाणी ओतलं. मग मला हाताला धरून तुमच्यासमोर बसवलं. "लेकीच्या डोक्यावर हात ठेवा अन् सांगा, प्यालो नाय म्हणून." तुम्ही हात मागं घेतलात. "नाय प्यालो म्हणलो ना? मग झालं. लेकीची शपथ मी घेणार नाय." आईनं त्याचा जो अर्थ लावला तो लावलाच. नोकरी गेली. पुढं त्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा गावानं ठरवलं की दारूनं डोळा खाल्ला. आईही तेच म्हणायची, तुमच्या तोंडावर, ताट वाढता वाढता. तुम्ही खाली बघून जेवत राहायचात.

माझा डोळा वाचला. डॉक्टरबाईंनी औषधांनी दाब उतरवला, मग लेझरनं बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडलं. त्याच पडद्याचा वरचा थर सुटून आलाय म्हणाल्या, जुन्या लुगड्याच्या दशा सुटाव्यात तसे त्याचे तंतू डोळ्यातल्या पाण्यात लोंबतायत. फार क्वचित होतं हे, तेही बहुतेक उतारवयात. पाणी बाहेर जायची वाट अडते, दाब चढतो आणि काचबिंदू होतो. अंधारात बाहुली मोठी झाली की एकदम झटका येऊ शकतो. मी त्यांना तुमचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काचबिंदूचा झटका असू शकेल. पण जो डोळा मी बघितलाच नाही, त्याच्याबद्दल खात्रीनं कसं सांगू? हा पडद्याचा आजार बहुधा घराण्यात चालत नाही. पाण्याची वाट अरुंद असणं मात्र चालू शकतं."

घरी आल्यावर काही दिवस आईला यातलं काही बोलले नाही. तुमच्यावरच्या रागावर तिनं उरलेला जन्म काढलाय. तो काढून घेतला तर तिच्याजवळ काय राहील, मला कळेना. काल मेथी निवडताना शेवटी बोलून गेले. "आई, दादा प्यायले नव्हते. काचबिंदूचा झटका आला होता त्यांना."

"कोण म्हणलं?"

"डॉक्टरबाई."

ती देठं खुडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दवाखान्यात न्यायचं व्हतं."

"हो."

"अन् मी पाणी ओतलं. तवाच नेलं असतं तर वाचला असता का गं डोळा?"

मला खोटं बोलवेना. "वाचला असता कदाचित."

जुडी तशीच टाकून ती उठली. आज सकाळी चहा दिला तर कप बाजूला सारला. "माझं वय बघून तरी बोलायचं," म्हणाली. "आता मी कुणाला सांगू, चुकलं म्हणून?" तेव्हापासून ती बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून बसलीय. मी दोनदा जाऊन खांद्यावर हात ठेवला. तिनं झटकला नाही, धरलाही नाही.

थेंब घातल्यामुळे अक्षरं धूसर दिसतायत, ओळ तिरकी जातेय. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून चालतंय. दादा, डॉक्टरबाई 'असू शकेल' म्हणाल्या होत्या. आईला सांगताना ते दोन शब्द मी गाळले. आत्ता उठून तिला सांगितलं, तर तिच्या जिवाला थोडा आराम पडेल आणि तुम्ही पुन्हा दारुडे व्हाल. म्हणून मी उठत नाहीये.