तनूच्या होडीचे पितळी बोल्ट

४ नोव्हेंबर
होडी आली. अॅल्युमिनियमची, जुनी, गोव्याकडची. टेम्पोतून चौघांनी सहज उतरवली. बोटाने टकटक केलं तर परातीसारखी वाजते. तनू खूश. फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना खाडीतून कांदळवनात न्यायचं, पक्षी दाखवायचे. इंजिनाच्या आवाजाने पक्षी उडतात म्हणून बॅटरीवरची मोटर. ती पुढच्या टोकाला बसवायची. जुन्या मालकाने मोटर दिली, बोल्ट दिले नाहीत.
हे असते तर होडीभोवती दोन फेऱ्या मारून गप्प बसले असते. आवडली म्हणायची तीच पद्धत.

५ नोव्हें.
धाकटे भावजी मोटर बसवायला आले. बोल्ट कुठले घालायचे यावर तनूची आणि त्यांची सकाळभर चर्चा. शेवटी भावजी म्हणाले, "वयनी, दादाचे पितळेचे आसत मां? दर्यात पितळेसारख्या काय टिकना नाय."
मीच माळ्यावरून डबा काढून दिला. आमची आधीची लाकडी होडी मोडीत काढली तेव्हा ह्यांनी एकेक सोडवून खोबरेल लावून ठेवलेले. पुसल्यावर लखलखले. तनू एक मुठीत धरून बसली. म्हणाली, "बाबा फुडे बसल्यासारखे वाटतत."
चारही बसवले. मलाही बरं वाटलं.

८ नोव्हें.
वाचनालयातून विजेवरचं पुस्तक आणलंय, सावकाश वाचते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजत जातो. पितळ आणि अॅल्युमिनियम असेल तर पितळ राहतं, अॅल्युमिनियम जातं.
पान पुन्हा वाचलं. मग मोबाईलवर शोधलं. होडीवाल्यांनीच लिहिलंय, अॅल्युमिनियमला पितळ लावू नका. स्टेनलेसचे बोल्ट घ्या, मधे नायलॉनचे वायसर, खालून जाड पट्टी. नाहीतर भोकं मोठी होत जातात आणि एक दिवस मोटर उपटून येते.
लाकडात पितळ चालतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लाकूडच होतं. भावजींचं तरी काय चुकलं.

९ नोव्हें.
तनूला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांचे बोल्ट काढूचे? आये, तू सांगतंस ह्यां?"
संध्याकाळी भावजी पडवीत तिला म्हणत होते, "तिका भीती बसली हा गो. दादा गेल्यापासून पाण्याचा नाव काढला तरी ती अशीच करता. मनार घेव नको." मी आत भाकरी थापत होते. ऐकू येईल एवढ्या जोरात बोलत होते, वाईट मनाने नाही.
हे गेले ते खाडीच्या तोंडाशीच. इंजिन बंद पडलं, ओहोटीची सुकती जोरात होती, पाण्याने बाहेर ओढलं. त्यामुळे मी धातूचं बोलले तरी सगळ्यांना तेच ऐकू येतं. मला तरी वेगळं कुठे करता येतं.

१७ नोव्हें.
जुन्या अॅल्युमिनियमच्या पातेल्याचा तुकडा कापून त्याला पितळेचा स्क्रू आवळला, खाडीचं पाणी घालून बशीत ठेवला होता. स्क्रूभोवती पत्रा झिजून पांढरं आलं. भावजींना दाखवलं. त्यांनी बशी हातात घेतली, नीट बघितली, आणि म्हणाले, "वयनी, बशयेत होडी चलता काय?" तनू हसली. मीही हसले. मग चहा केला.

३ डिसेंबर
मालवणात जाऊन स्टेनलेसचे बोल्ट आणले. दुकानदार म्हणाला, "कोणाक होये? तेकाच धाड मगे, मापाचा तुका काय कळतला." माप मी दोऱ्याने घेऊन गेले होते.
पुडी तनूच्या बॅटरीशेजारी ठेवली. "ऱ्हवांदे थंय. मे महिन्यात होडी वर काढली की बघूया," ती म्हणाली. सीझन भरलाय. रोज पाहुणे. तिचंही खरं आहे, एक दिवस होडी थांबली की माणसं दुसरीकडे जातात.

२१ जानेवारी
मोटर ज्या पट्टीवर बसवलीय तिच्याखालून पांढरी भुकटी निघते. भावजींनी बोटाने घेऊन चाखली. "मीठ ता." मीही चाखलं. खारट होतंच. इथे काय खारट नाही.

२२ जाने.
दुपारी सगळी निजलेली बघून पाना घेऊन गेले. एक तरी बदलावा. वरून फिरवला तर खालचा नट सोबत फिरतो. खाली हात पोचत नाही. किती वेळ तशीच ओणवी...
तनू कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाना घेतला, माझा हात ओढणीने पुसला. "उद्यापासना वल्ही घेतंय वांगडा. झाला तुझा समाधान?"
वल्ही सोबत घेते हे चांगलं. सुकतीला दोन वल्ह्यांनी काय होतं ते तिलाही माहीत आहे. पण आता भांडले तर ती वल्हीही ठेवून जाईल.

६ फेब्रुवारी
आज मी होडीत बसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. तनूने पाहुण्यांना सांगितलं, "आईला पक्षी बघायचेत." पाहुण्यांनी जागा करून दिली, पण मी पुढेच बसले, मोटरीला लागून. तळहात बोल्टांच्या मधे पत्र्यावर ठेवला.
मोटर चालू असली की पत्रा थरथरतो. किती थरथरणं बरोबर, हे कुठेच वाचलेलं नाही. खंड्या दिसला म्हणे. मी पाहिला नाही. वळताना पट्टी हलल्यासारखी वाटली. तनूकडे बघितलं तर ती कोणाला तरी कांदळाची मुळं दाखवत होती, ह्यांच्यासारखाच हात लांब करून. हात काढला नाही मी. माझ्या हाताने काय अडणार आहे.
उद्या दोन खेपा. दुसरी सुकतीची. म्हटलं, दोन्हीला येते.
"ये," तनू म्हणाली. "पण पावणे जास्ती झाले तर तुका जागा नाय हां."