चर पाडायचे अवजार आणि उताराचे शेत कोणाकडे जावे

मी, खाली सही करणारी विधवा, वय झालेली पण डोके ठिकाणावर असलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर दडपण आणण्याची या घरात कोणाची टाप नव्हती. हे वाक्य वकिलांनी गाळायला सांगितले होते, ते मी ठेवले आहे.

१. राहते घर मुलाला. त्याला सपाट फरशी आवडते. शेतही तसेच सपाट करावे, चर बुजवावेत, असा त्याने धोशा लावला आहे. वाकड्या रेघा बऱ्या दिसत नाहीत म्हणतो. चर उताराला आडवे जातात, जमीन वळेल तसे वळतात, म्हणून पाणी थांबते आणि माती वाहून जात नाही. हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून सांगते आहे. घर त्याचे, शेत नाही.

२. वेल्डिंगचे सगळे सामान गावातल्या वेल्डरला. मी केलेल्या अवजाराचे पहिले पाते वाकले तेव्हा तो हसला नाही, तेवढे पुरे.

३. दीरांना, म्हणजे यजमानांच्या धाकट्या भावाला, काहीही नाही. ट्रॅक्टरमागे लावून चर पाडायचे अवजार मी भंगारातले लोखंड कापून-जोडून केले, आणि "आमचं यंत्र" म्हणून गावभर मिरवले यांनी. एकदा हट्टाने घेऊन गेले आणि पाते उलटे बसवले. माती चराच्या खालच्या अंगाला पडून बांध व्हायला हवा. यांची पडली वरच्या अंगाला. पहिल्याच मोठ्या पावसात सगळी परत चरात. वर चारचौघांत म्हणाले, "बायकांनी केलेल्या वस्तूचं असंच व्हायचं." उत्तर द्यायलाही समोर कोणीतरी लागते.

४. अवजार, ट्रॅक्टर आणि चरांसकट उताराचे शेत माझ्या जावेला, म्हणजे वरील दीरांच्या पत्नीला, तिच्या एकटीच्या नावे. आमचे पटत नाही. ती मोजके बोलते आणि तेही खोचक. पण मी कंबरेचे हाड मोडून अंथरुणाला खिळले असताना वरचा बांध फुटला. मुलगा छत्री घेऊन बघून आला. ही कोणाला न विचारता ट्रॅक्टर घेऊन गेली, नवऱ्याने उलटे बसवून परत केलेले पाते फिरवले आणि चर पुन्हा नीट पाडला. मग चिखलाच्या पायांनी माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "वहिनी, माती खाली टाकली." त्या दिवशी मला ती फार आवडली. तिला तसे कधी सांगितले नाही.

चर बुजवायला मुलाने माणसे आणली तर जावेने त्यांना हाकलावे. ते तिला जमते.

५. साक्षीला मी आधी तिलाच बोलावले होते. वकील म्हणाले, जिला मिळणार तिची सही साक्षीदार म्हणून चालत नाही. तिने पेन खाली ठेवले.

"मला? मला कशाला, वहिनी?"

मी म्हणाले, "आणि आहे कोण?"

ती बाक ओढून माझ्याजवळ बसली आणि रडली. मीही रडले. त्यामुळे सह्यांना उशीर झाला.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. वकील (सही) २. माझे डोके तपासून दाखला दिलेले डॉक्टर (सही)
स्थळ: ट्रॅक्टरची शेड
दिनांक: सात मे