बारा झाडांची सावली

६ जानेवारी, सकाळी
नवी वही. तीन संकल्प. एक : रोज वीस मिनिटं अनवाणी गवतावर चालणे. जो माणूस लोकांना निसर्गाशी जोडतो, त्याच्या पायाला थोडी माती लागलेली बरी. दोन : ऑफिसमधलं प्लॅस्टिकचं रोपटं काढून खरं आणणे. तीन : बाबांच्या तोंडून एकदा तरी 'बरं केलंस' ऐकणे.

तिसरा या वर्षी नक्की. बाबा वृद्धांच्या ज्या आराम-केंद्रात आहेत, त्याच्या अंगणाचं डिझाइन माझ्याकडे आलंय. बाबांनी चाळीस वर्षं नर्सरी चालवली, आणि मी लँडस्केप आर्किटेक्ट झालो तरी त्यांच्या लेखी मी कागदावर गोल काढतो. आता बघतीलच.

अनवाणी चालणं उद्यापासून. आज गारठा आहे.

९ जानेवारी
साइट पाहिली. अंगण कसलं, उघडी माती. मधोमध एक वेडीवाकडी तुती. तिच्याखाली तीन तऱ्हेच्या तीन खुर्च्या, त्यातल्या एकीला हात नाही. डिझाइन नावाला नाही. माणसं निसर्गापासून किती लांब गेलीत!

मेट्रनबाई म्हणाल्या की बाबा रोज अकराला वॉकर घेऊन स्वतः चालत तुतीखाली येतात, बाराला परत जातात. सोबत रिटायर्ड हेडमास्तर आणि टोपीवाल्या आजी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी बजावलंय : रोज चालून तासभर बाहेर बसले तर पाय राहतील, नाहीतर खाट धरतील. बाबा एरवी कुणाशी बोलत नाहीत म्हणे, त्या तासात बोलतात.

मी हे पाहिलेलं नाही. मी साइटवर संध्याकाळी पाचला जातो. पाचला उजेड मऊ असतो.

१७ जानेवारी
कन्सेप्ट सुचला! नाव : 'मुळांकडे'. फिकट दगडाची नागमोडी वाट, मध्ये गोट्यांचा पट्टा, बारा झाडं, बिनपाठीचे बाक. प्रवेशाशी बारा फूट उंच, आठ फूट रुंद नावाचा फलक.

बायकोने विचारलं की म्हाताऱ्या माणसांच्या बाकांना पाठ का नाही. मी म्हटलं, रेषा तुटते. ती बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला गेली. बाल्कनीतली झाडं तिची. माझ्या तीन कुंड्या सध्या विश्रांती घेत आहेत.

अडचण एकच. तुती बरोबर वाटेत येते, आणि तुतीची फळं पडली की फिकट दगडावर जांभळे डाग. कंत्राटदार म्हणाला, साहेब, वाटच थोडी वळवू. अडाणी माणूस. त्याला फ्लो समजावून सांगितला. शेवटी तो म्हणाला, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.

२ फेब्रुवारी
प्रेझेंटेशन झकास! ट्रस्टी मंडळी चित्रावरून नजर हलवेनात. गर्द सावली, खाली हसरी माणसं. झाडं अर्थातच पूर्ण वाढलेली दाखवली. आमच्या धंद्यात तशीच पद्धत आहे, वीस वर्षांनंतरचा घेर काढायचा. काडी काढली तर काम कोण देईल? चित्रातली झाडं किती वर्षांची आहेत, असं कुणी विचारलं नाही. मीही उगाच सांगत बसलो नाही.

मेट्रनबाईंनी विचारलं, गोट्यांवरून व्हीलचेअर जाईल का. चांगला प्रश्न आहे, असं म्हणून पुढची स्लाइड घेतली.

चित्रात काठी घेतलेला एक म्हातारा आहे, तो मी मुद्दाम बाबांसारखा काढलाय.

११ फेब्रुवारी
तुती काढली. मी साइटवर नव्हतो, महत्त्वाचा फोन होता. फोन कसला ते आठवत नाही.

संध्याकाळी बाबांकडे गेलो. कुणी तोडली, विचारलं. कंत्राटदाराने, म्हटलं, झाडाला रोग होता. कुठला? बुरशी, म्हटलं. ते खिडकीकडे बघत राहिले. पटलं असावं.

२० फेब्रुवारी
बाबा नऊ दिवस खोलीबाहेर आले नाहीत. त्यांना जरा उत्साह यावा म्हणून प्रेझेंटेशनचं ड्रॉइंग घेऊन गेलो. खाटेशेजारच्या टेबलावर तुतीच्या खोडाची एक चकती होती, हेडमास्तरांनी आणून दिलेली. ताटासारखी स्वच्छ, बुरशीचा ठिपका नाही. बाबांनी ती उचलून बाजूला ठेवली, ड्रॉइंगला जागा केली.

चष्मा लावून एकेका झाडाचा गोल बोटाने मोजला. बारा.

"किती वर्षांची काढलीस?"

वीस, म्हटलं. पद्धतच आहे.

मग काठीवाल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवलं. "हा मी का?"

हो म्हटलं. खूश होतील वाटलं.

"मग यात मी किती वर्षांचा आहे?"

मनात बेरीज केली. एक्याऐंशी अधिक वीस. पाणी हवंय का, विचारलं. ड्रॉइंग गुंडाळून घरी आणलं. बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

उद्यापासून अनवाणी.

१५ मार्च
उद्घाटन. रोपं आली, बाराच्या बारा. कमरेइतकी उंच, अंगठ्याएवढी जाड, प्रत्येकाला बांबूचा टेकू. लांबून बांबूच दिसतात. मोठे ट्रस्टी फीत कापून इकडेतिकडे बघत म्हणाले, छान, आता झाडं कधी येणार? मी म्हटलं, आलीत. ते हसले. त्यांना विनोद वाटला.

फोटोग्राफर उत्तम. 'माणूस आणि निसर्ग' स्पर्धेसाठी फोटो हवेत. हेडमास्तर आणि टोपीवाल्या आजी मध्येमध्ये येत होते, त्यांना त्याने गोडीत आत बसवलं. फ्रेम कशी स्वच्छ आली.

बाबा आले नाहीत. ऊन आहे म्हणाले. ऊन आहे खरं.

२९ मार्च
मेट्रनबाई म्हणतात, ताडपत्रीचा मांडव घालू. निळ्या ताडपत्रीचा! सांगितलं, स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत अंगणाला हात लावायचा नाही. बागेला वेळ द्यावा लागतो. धीर धरायला लोकांना नकोच असतो.

बाबांना फोन केला. डुलकी लागली आहे म्हणाले. झोपलेला माणूस असं सांगत नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

८ एप्रिल
निकाल. नाव नाही. परीक्षकांचा शेरा : 'जागा देखणी, परंतु माणसांचा वावर कुठेही जाणवत नाही.' अरे, माणसं मीच काढायला लावली होती! कुणाला सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ऑफिसमधल्या प्लॅस्टिकच्या रोपट्यावरची धूळ पुसली. दुसरा संकल्प अर्धा झाला असं म्हणायला हरकत नाही.

१२ एप्रिल
मेट्रनबाईंचा फोन. बाबा वॉकर घेऊनही उभे राहू शकत नाहीत. डॉक्टर तपासून गेले. आठ आठवडे चालले नाहीत, पायात जोरच उरला नाही. या वयात गेलेला जोर परत येत नाही म्हणाले. व्हीलचेअर मागवली आहे.

मी म्हटलं, वय झालं की असं होतंच. त्या म्हणाल्या, हो, होतं. आणि फोन ठेवला. एवढंच म्हणाल्या, पण मला जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
काल वयाचं लिहिलं ते खोटं आहे. फेब्रुवारीपर्यंत ते रोज चालत होते.

१६ एप्रिल
पहिल्यांदाच सकाळी अकराला साइटवर गेलो. संकल्प आठवला, बूट काढले, वाटेवर पाय टाकला. आई गं! फिकट दगड तव्यासारखा तापलेला. उड्या मारत गोट्यांवर गेलो, ते त्याहून वाईट. डाव्या तळव्याला फोड. सिस्टरने मलम लावता लावता विचारलं, ही बाग कुणी केली हो? माहीत नाही म्हटलं.

खिडकीतून बाबा बघत होते. हात केला. त्यांनीही केला.

१७ एप्रिल
मांडवाला होकार कळवला. मेट्रनबाई म्हणाल्या, ट्रस्टी आता नाही म्हणतात. एवढी सुंदर बाग झाकायची कशाला, असं त्यांचं मत. हे वाक्य मीच त्यांना मार्चमध्ये दिलं होतं.

२४ एप्रिल
फोड बसला. आज दहालाच गेलो. बाबांना व्हीलचेअरमध्ये बसवलं. खरं म्हणजे सिस्टरनेच बसवलं, मी चाक धरलं. इतके हलके झालेत! गोट्यांच्या पट्ट्यात खुर्ची रुतली. बाबा म्हणाले, मागून ढकलू नकोस, पाठमोरी ओढ. ओढली, निघाली.

त्यांनी हात केला तिकडे नेलं. फलकाच्या मागे हेडमास्तर आणि टोपीवाल्या आजी बसले होते, जुन्या खुर्च्यांवर. कंत्राटदाराने त्या टाकायला काढल्या होत्या, आजींनी खाटेखाली लपवून ठेवल्या म्हणे. अख्ख्या अंगणात सावली तेवढ्या एका जागी. फलकाची. त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली. मी खाली बसलो, बाबांच्या चाकाला टेकून.

मग मीच म्हटलं, बाबा, तुती मी तोडायला लावली. रोग नव्हता.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

मान वर करून त्यांनी फलकाची उंची पाहिली. टोकापासून खालपर्यंत, नर्सरीत रोप बघायचे तशी.

"हा मोठा केलास ते बरं केलंस."

तिसरा संकल्प पूर्ण झाला. तारीख लिहून ठेवली आहे.

अकराच्या सुमारास सावली आखडली. आजी म्हणाल्या, सरका. सगळे सरकलो. पावणेबाराला परत सरकलो. बाराला ती फलकाच्या पायाशी गेली, तिच्यात एक माणूससुद्धा मावेना. बाबांना पाठमोरं ओढत आत नेलं.