दोन बोटं कमी

९ सप्टेंबर, दुपार

प्रिय चिमे,

खुशाल असशील. इथे सगळं ठीक आहे. (हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण पत्र शेवटपर्यंत वाच.)

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, अण्णा माझं नाव विसरले, जेवलेलं विसरतात, मग 'दामोदर, दामोदर' तेवढं कसं उरलं?" मी म्हटलं, सवय. उत्तर आळशीपणाचं होतं. देवाला हजार नावं असताना त्यांनी हेच का धरलं असेल, हे डोक्यातून जाईना.

काल त्यांनाच विचारलं, "अण्णा, दामोदर म्हणजे कोण हो?"

"बांधलेला," लगेच म्हणाले. "पोटाला दावं. आई दमली होती ना."

मग माझ्याकडे नीट बघून, "आपण कोणाकडे आलात?"

गोष्ट त्यांनीच आपल्याला सांगितलेली. खोडकर कृष्णाला आई उखळाला बांधायला जाते, तर दावं दोन बोटं कमी. दुसरं जोडते, तरी दोन बोटं कमीच. ज्याला आत-बाहेर नाही, त्याला बांधणार कशाने? शेवटी तिचा घाम बघून तो आपणहून बांधून घेतो. लहानपणी मला यात आई जिंकल्यासारखी वाटायची. आता वाटतं, बाकीची नावं देवाच्या पराक्रमाची असतील, हे त्याच्या माघारीचं आहे. आणि माघार त्याने कोणासाठी घेतली? दावं घेऊन मागे लागलेल्या, चिडलेल्या बाईसाठी.

आता जे टाळत होते ते.

गेल्या महिन्यात अण्णा एकटेच बाहेर पडले, इस्त्रीवाल्याने सिग्नलपाशी गाठून घरी आणलं. "पत्ता विचारला तर म्हणाले, तूच सांग, रोज तूच येतोस!" आपण दोघी किती हसलो. त्यानंतर मी तुला सांगितलं की माझ्या कामाच्या वेळी शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसतात. काकू एकदाच बसल्या, चिमे.

मी अण्णांना खुर्चीला बांधते. लायब्ररीच्या पुस्तकांच्या बाइंडिंगला आणलेल्या सुती पट्टीने. पुस्तकाला खळ लावली की पाऊण तास जागचं हलता येत नाही, हे कारण खरं आहे. खरं आहे म्हणून पुरेसं आहे का, ते मला ठरवता येत नाही. पट्टी काही कमी पडली नाही. आमच्या कामात ती दोन बोटं जास्तच कापतात.

पहिल्या दिवशी वाटलं, ओरडतील. त्यांनी दोन्ही हात वर केले, पोट आत घेतलं आणि माझी गाठ होईपर्यंत तसेच थांबले.

शर्ट घालतानाही ते हात असेच वर करतात, हे मला माहीत आहे. पण कालच्या उत्तरापासून दुसरंच मनात येतं, आणि त्याचीच भीती वाटते. कारण तो अर्थ सोयीचा आहे. बांधून घेणाऱ्याने तो सांगावा, गाठ मारणारीने नाही.

आज पट्टीला हात लावलेला नाही. नऊ पुस्तकं उघडी पडली आहेत, अण्णा शेजारी बसून त्यांची पानं उलटताहेत.

तू ये. चार दिवस माहेरपणाला नको, पुढचं ठरवायला ये. मला बोल, हवं तेवढं बोल, पण समोर बसून. मी पुरेन असं वाटलं होतं.

दोन बोटं कमी पडलेली,
तुझी ताई