काट्याच्या वेळची कविता

ती. ताईस,

धाकट्याचा दुरूनच वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात?

माझी काळजी नको. पायाची जखम भरते आहे. पट्टी बदलताना नर्सबाई माझ्या कानांवर हेडफोन चढवतात. आवाजात मन गुंतलं की कळ कमी लागते म्हणे. काल झऱ्याची झुळझुळ लावली. कळ जरा कमी झाली, पण लघवीला लागली! बाई हसल्या, "अहो आजोबा, पुढच्या वेळी तुमच्याच आवडीचं काहीतरी आणा."

तू माझ्या पायातला काटा काढताना शाळेतली कविता म्हणायचीस. दुसऱ्या कडव्यापर्यंत काटा बाहेर यायचा. तीच फोनवर म्हणून पाठवशील? आधी "अरे, हलू नकोस" म्हण. इथे मला अरे म्हणणारं कुणी नाही.

आणि सगळी कडवी म्हण, ताई. ही जखम काट्याएवढी नाही.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारा,
धाकटा