बिनधुराची चूल आणि गल्लीचा रिवाज

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।

लातूर, ता. ८ एप्रिल १९८५

ती. सौ. अक्कास,
धाकट्या शिवमूर्तीचे शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. जिल्हा नवा असल्याने ऑफिसात खुर्च्या कमी आणि साहेब जास्त आहेत. मला बिनधुराच्या चुलींचे काम मिळाले, तेव्हाच पहिली चूल तुझ्या घरी बसवायची असे मी ठरवले होते. तुझा खोकला आणि लाल डोळे बघवत नाहीत. धूर थांबला नाही तर डोळे अधू होतील, असे डॉक्टरांनी तुला माझ्यासमोरच बजावले आहे.

पण परवा चाकूरच्या सभेत दाजींनीच मोडता घातला. या दुष्काळात सरपण मिळत नाही, या चुलीत निम्म्या काटक्यांत भागते, हे मी घसा कोरडा करून सांगितले. दाजी म्हणाले, धूर नसला की माळवदाच्या लाकडांना वाळवी लागते, आणि गल्लीत सगळे जे करतात तेच आम्ही करणार. पेठेतला जुना दुकानदार बोलला म्हणजे संपलेच. सगळी गल्ली त्यांच्यामागे उठून गेली. तुमचे शेजारी हणमंतराव तेवढे रेंगाळले आणि इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच चुलीसाठी नाव दिले. त्यांना एकट्यालाच माझे बोलणे कसे पटले, कोण जाणे. आता दाजींना तूच समजाव.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
शिवमूर्ती

चाकूर, ता. १६ एप्रिल १९८५

चि. शिवमूर्तीस उमादेवीचे अनेक आशीर्वाद.

हणमंतरावांना तुझे भाषण पटले असे समजून फुगू नकोस. धाकट्या भावाला लिहायची ही गोष्ट नव्हे, पण तू चुलीच्या खात्याचा माणूस, म्हणून लिहिते. त्यांची कस्तुराबाई दर महिन्याला चार दिवस बाहेर बसते, तेव्हा भाकरी हणमंतराव थापतात. धूर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे. आपल्या लिंगायतांत हा विटाळ नाही, हे आपले मोठेपण खरेच. पण त्यापायी लग्न झाल्यापासून मला एक दिवस सुट्टी नाही, आणि तुझ्या दाजींना चुलीचे तोंड कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नाही.

म्हणून कालपासून मी ओसरीवर बसले आहे. दाजी आधी चकित झाले, मग तापले. आपल्यात असलं काही न्हाई, लोक काय म्हणतील, असे म्हणाले. मी म्हटले, गल्लीत सगळ्या बसतात, आणि गल्लीत जे सगळे करतात तेच आपण करायचे, हे तुम्हीच सभेत सांगितले ना. त्यावर ते आत चुलीकडे गेले. हे लिहिताना आतून त्यांचा खोकला ऐकू येतोय. जीव तुटतो रे. दोनदा उठले होते, कस्तुराबाईने पदर धरून खाली बसवले.

जपून राहा, अक्काची माया आहेच.

तुझी,
अक्का

ता. क. भाकरी जळकी होती. मी छान झाली म्हणाले.

चाकूर, ता. २० एप्रिल १९८५

चि. शिवमूर्तीस धोंडप्पाचा आशीर्वाद.

पत्रास कारण की, दुष्काळात सरपणाची नासाडी बरी नव्हे, असा विचार मी स्वतःहून केला आहे. तरी चूल ताबडतोब बसवून द्यावी. गवंडी मिळत नसेल तर माती मी कालवतो. वाळवीचे नंतर बघू.

मठासमोर मी चारचौघांत विषय काढला. जो नको म्हणेल त्याला मी एवढेच सांगतो, आज सांजच्या भाकरी तू टाक, मंग बोल. अर्धी गल्ली तयार झाली आहे. तुझी अक्का आता चुलीपाशी परतली आहे, पण जाळ मीच घालतो. ती हसते, हसू दे.

एक सांगायचे राहिले. लग्न झाल्यापासून ताट वाढताना हिचे डोळे भरलेले असायचे. माहेरची फार आठवण येते असे समजून मी दर पंचमीला दुकान बंद ठेवून हिला तुमच्याकडे पोचवत आलो. इतकी वर्षे तो धूर होता. तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही, याचे फार वाईट वाटते.

या पंचमीला तिला यायचे आहे का, ते आधी विचारतो आणि मग कळवतो.

लोभ करावा, त्याआधी चूल पाठवावी.

धोंडप्पा