कोणता पाईप

२१ मे

जे झालं ते, क्रमाने.

१. १२ तारखेला आप्पांना दाखल केलं. लगेच ऑक्सिजन लावला.
२. सोबत पिशवी दिली. कपडे, चष्मा, आणि त्यांचा तंबाखू ओढायचा पाईप. रिकामा. "ओढत नाही गं, नुसता दातात धरतो," म्हणाले. रुमालात गुंडाळून मी गाठ मारली.
३. मीही पॉझिटिव्ह. घरात बंद. भेट नाही.
४. १७ ला दुपारी वॉर्डातून सिस्टरचा फोन. "ताई, बाबा लई त्रास द्यायलेत. सारखा पाईपला हात. काढून ठेवू का?" मी म्हणाले, "ठेवा काढून."
५. १८ ला सकाळी आप्पा गेले.
६. आज पिशवी परत आली. पाईप रुमालातच. गाठ तशीच.
७. सिस्टर कोणत्या पाईपबद्दल विचारत होत्या?

२२ मे

एक गोष्ट काल लिहिली नाही. "ठेवा काढून" म्हणताना मी हसले होते. "हट्टी आहेत, ऐकायचे नाहीत," असंही म्हणाले. सिस्टरही हसल्या. घाईत होत्या, मागे कोणीतरी हाका मारत होतं.

आमच्यात पुरतात. त्यांना जाळलं. मी मोबाईलवर पाहिलं.

२३ मे

डब्यात तंबाखू तीन-चार वेळा पुरेल एवढा. सात रस्ता चौकातलं दुकान लॉकडाउनमुळे एप्रिलपासून बंदच. तेव्हा आप्पा चिमटीने मोजून भरायचे आणि संध्याकाळी गॅलरीत बसायचे. साखर कारखान्याचा हंगाम संपवून मी श्रीपूरहून घरी आले होते, त्यांना हक्काचा श्रोता मिळाला. आयुष्य गिरणीच्या बॉयलरवर गेलं, त्यामुळे पाईपही बॉयलरच. "खाली सैल, वर घट्ट. हवेला वाट ठेव. ओढ लागली पाहिजे. ओढ नाही तर नुसता धूर."

चौथ्या दिवशी मला जमलं. एका काडीत पेटला, शेवटपर्यंत विझला नाही. आप्पांनी टाळी दिली.

"तू साखरेवाली. नाक तुझं पगारी. सांग, कसला वास?"
"मळीचा."
"अरे देवा! विलायती तंबाखू हाय बाई. पाहुण्याच्या तोंडावर मळी म्हणायचं?"

रस्त्यावर एक माणूस नाही, मधूनच पोलिसांची गाडी ओरडत जायची, आणि आम्ही दोघं मळी की गूळ यावर भांडत बसलेलो. इतकं बरं मला घरात कधी वाटलं नव्हतं. तेव्हा लिहून ठेवलं नाही. लिहिण्यासारखं काही नाही असं वाटलं.

२४ मे

आज पाईप भरला. ओढ बरोबर लागली. वास शून्य. माझं नाक ११ तारखेपासून गेलंय. हिंग, फिनेल, कापूर, सगळं सारखंच. पाईपची वाटी हातात गरम लागते, तेवढंच कळतं. तरी राख होईपर्यंत ओढला.

खोकला आला. शहाणपणाचं नाही हे मला कळतं.

२५ मे

मंद्रूपहून आत्याचा व्हिडिओ कॉल. पाईप खाली ठेवायला विसरले.

"अगं ए, त्ये काय तोंडात?"
"आप्पांचा पाईप."
"बाईमानसानं चिलीम वडायची व्हय गं? छातीत कफ हाय, वर ह्यो धूर!"
"चिलीम नाही, पाईप."
"तुज्या बाचंच शब्द. चिलीम म्हनलं की तोंड असं करायचा." करून दाखवलं. अगदी आप्पा. दोघी हसलो. मग ती रडायला लागली. "शेवटपतुर पाईप मागत हुता की गं माजा शिवा. सिस्टरशी भांडला. सगळ्यास्नी सांगते मी. मरनाला भ्याला न्हाय, म्हनते. पाईप मागत गेला."

हे तिला मीच सांगितलं होतं. १७ लाच, सिस्टरांचा फोन ठेवल्या ठेवल्या. गंमत म्हणून. आता गावभर झालंय, आणि तेवढ्यावर ती जेवते-खाते आहे.

मी "नेटवर्क जातंय" म्हणाले. नेटवर्क चांगलं होतं.

२७ मे

शक्यता.

अ) ऑक्सिजनचा. आप्पांना मास्क सहन होत नव्हता, हे वॉर्डातून पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.
आ) नाकातून जेवण घालतात तो. घातला होता की नाही, कागदावर नाही.
इ) लघवीचा.
ई) तंबाखूचा.

अ असेल तर नातेवाइकाला विचारून कोणी काढत नाही. हे मला पटतं. पण त्या दिवसांत एका सिस्टरकडे किती खाटा होत्या, हेही मला माहीत आहे. आणि त्यांनी विचारलं होतं, हे तर खरंच आहे.

ई असेल तर गाठ सुटायला हवी होती. सुरगाठ मारली होती. हाताला सलाईन असणार, एका हाताने ओढली तरी सुटावी म्हणून. पण ती गाठ मला आप्पांनीच शिकवलेली. मारतेही हुबेहूब त्यांच्यासारखी. म्हणजे पाईप काढून, दातात धरून, पुन्हा त्यांनीच बांधला असेल तरी गाठ अशीच दिसेल. दहा वेळा मारून पाहिली. फरक सापडत नाही.

रुमालावरून काही सिद्ध होत नाही. रुमाल धुतलेला नाही. धुणार नाही.

२८ मे

हॉस्पिटलला फोन. "त्या सिस्टर तात्पुरत्या होत्या, ताई. गेल्या." कुठे? "सांगता येत नाही." १७ ला त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून फोन केला होता, नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावला. वाजतो. उचलत नाहीत.

न उचलण्याचा अर्थ लावायचा नाही.

३० मे

शेवटची चिमूट. खाली सैल, वर घट्ट. गॅलरीत आप्पांच्या खुर्चीत बसले नाही, शेजारी बसले.

अर्ध्यावर आल्यावर वास आला. पुसट. आधी वाटलं, भास. पाईप बाजूला केला, गेला. जवळ आणला, आला.

मळी. मळीच आहे, आप्पा, मी म्हटलं होतं ना

नंतर आत येऊन रुमाल नाकाला लावला. आता कळेल कोणता पाईप, असं वाटलं. फिनेलचा वास. बाकी काही नाही.

१ जून

आत्या १० तारखेला येते म्हणाली. तोवर प्रवासाची बंदी सैल होईल, नाही झाली तर पुतण्याच्या मोटारसायकलवरून. "मला सगळं सांग, पोरी. त्यो काय म्हनला, कसा म्हनला. तुज्या तोंडानं ऐकायचंय."

एकतर तिची गोष्ट खरी आहे, नाहीतर ती मी रचलेली आहे. न कळता तिच्यासमोर बसता येणार नाही.

सिस्टरांना संदेश. चार वेळा लिहिला, हा पाठवला:

"नमस्कार सिस्टर. १८ मे रोजी सकाळी वारलेल्या, खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांची मी मुलगी. आदल्या दिवशी दुपारी तुम्ही फोनवर मला विचारलंत, पाईप काढून ठेवू का. मी हो म्हणाले. मला वाटलं, त्यांचा तंबाखू ओढायचा पाईप. तो त्यांच्या पिशवीत होता. तुम्हाला कोणता म्हणायचा होता, तेवढं कळवा. एक शब्द पुरे. तुमच्याबद्दल तक्रार नाही, पुढेही करणार नाही. हो मी म्हणाले होते. कृपया १० जूनपर्यंत उत्तर द्या."